भिंगारच्या बाजारातला आवाज कोण खातंय?

आमच्याकडे किस्से साठतात ते घरातल्या जुन्या चार्जरसारखे. मुद्दाम कुणी जमवत नाही, पण ड्रॉवर उघडला की हा गुंता! एक ओढायला जावं तर त्याच्याबरोबर आणखी चार बाहेर येतात. परवा एका लग्नात कुणीतरी सहज विचारलं, "तुम्ही मोबाईल कंपनीत म्हणजे नक्की काय करता?" मी उत्तर द्यायला लागले आणि पंगत उठली तरी माझं चालूच होतं. शेवटी वाढपी म्हणाला, "ताई, गुलाबजाम संपले, पण तुमचं पुढं काय झालं ते सांगा."

तर आधी काम सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गावाबाहेर उभा असतो तो मोठा टॉवर. त्याचा आवाज लांबवर जातो, पण बाजारात, देवळाभोवती, गर्दीत तो सगळ्यांना पुरा पडत नाही. म्हणून अशा ठिकाणी एखाद्या गच्चीवर नाहीतर खांबावर बुटाच्या खोक्याएवढा डबा लावतात. हा लहान सेल. आता गंमत अशी, की दोघंही बोलतात एकाच फ्रिक्वेन्सीवर! मोठा बोलायला लागला की लहानाचं कुणालाच ऐकू येत नाही, आणि फोन बिचारा दोघांच्या मध्ये गोंधळून उभा. ह्या दोघांचं भांडण मिटवायचं, हा आमचा धंदा.

आमची टीम छोटी. कोटकर सर सगळ्यांचे प्रमुख. माणूस नियमाचा पक्का, आणि कुणी साधं "रेंज का येत नाही हो?" विचारलं तरी पहिल्यापासून समजावून सांगणार. टॉवरवर चढणारा शेख. गाडी चालवणारे बाप्पा, हे मूळचे कर्जतकडचे, गाडी त्यांची स्वतःची. आणि मी, लॅपटॉप घेऊन मागच्या सीटवर.

गेल्या वर्षी आमच्या मानेवर एक टांगती तलवार होती. पुण्याच्या मोठ्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, "शिर्डीची आणि भिंगारच्या बाजाराची कटकट दिवाळीपर्यंत मिटवा. नाहीतर नगरचं ऑफिस बंद. सगळे पुण्याला या." बाप्पांच्या गाडीला पुण्यात कोण विचारणार होतं? आणि मला तर पुण्याचं नावसुद्धा नको होतं. आधी मी तिथे एकटीने राहून नोकरी केली होती, मुलगी इथे सासूबाईंकडे. आता कुठे संध्याकाळी तिच्याबरोबर जेवायला मिळत होतं. ते सोडून मला कुठेही जायचं नव्हतं.

*

आमच्या गाडीत पुढच्या काचेपाशी फोनच फोन लावलेले असतात. ते आपोआप लागतात, आपोआप कट होतात, आणि कुठे आवाज तुटला ते लॅपटॉपवर दिसतं. क्रिकेटचा सीझन चालू होता. राहुरीच्या अलीकडे एका हवालदारांनी गाडी अडवली. आत डोकावले. फोनची रांग, मांडीवर लॅपटॉप, त्यात आकडे पळतायत!

"अच्छा," ते म्हणाले, "कुठल्या मॅचवर लावताय?"

बाप्पा घाईघाईने मदतीला धावले. "न्हाई साहेब, आमी कुनाशीच बोलत न्हाई. फोन आपोआप लागतो, आपोआप बंद हुतो. आमी नुसतं बघत बसतो!"

झालं! हवालदार म्हणाले, "सगळे खाली उतरा."

मग कोटकर सर उतरले. सरांनी त्यांना मोठा टॉवर सांगितला, लहान डबा सांगितला. दोघांच्या लहरी एकमेकींवर कशा आदळतात ते रस्त्याकडेच्या मातीत काठीने काढून दाखवलं. ऊन असं तापलं होतं की मी गाडीच्या सावलीत सरकले. हवालदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं, टोपी काढून घाम पुसला. सर आता अँटेनाच्या कोनावर आले होते.

"बास, बास. जा तुम्ही," हवालदार म्हणाले. "सट्टेवाले इतकं बोलत नसतात!"

*

शिर्डीत गुरुवारी जी गर्दी होते, तिच्यापुढे मोठा टॉवर गुडघे टेकतो. म्हणून एका हॉटेलच्या गच्चीवर आम्ही लहान डबा बसवला. दुसऱ्याच दिवशी हॉटेलमालकांचा फोन. "माझ्या गच्चीवर एवढासाच? समोरच्या लॉजवर बघा, कसला दणदणीत आहे! पाहुणे मला विचारतात, ही पाण्याची टाकी साफ करायची मशीन आहे का?"

सरांनी त्यांना समजावलं, की समोरचा डबा जुन्या पद्धतीचा आहे म्हणून मोठा, तुमचा नवा आहे म्हणून लहान. मालकांना ते पटेना. "ते काही नाही. मोठा बसवा, नाहीतर हाही काढून न्या!"

डबा काढला तर दिवाळीचं गणित तिथेच बिघडलं असतं. शेवटी शेखने गोडाऊनमधून फायबरचं एक भलंमोठं रिकामं कव्हर आणलं आणि डब्यावर घालून दिलं. सिग्नल त्यातून आरपार जातो, फरक शून्य. सर हे असलं करायला आधी तयारच नव्हते. "आत तेवढं काही नसताना लोकांना काय म्हणून दाखवायचं?" असं विचारत होते. पण मालक खूश! "आता बघा, रेंज कशी फुल येते!"

आठवडाभराने समोरच्या लॉजवाल्यांची लेखी तक्रार आली. 'शेजाऱ्यांनी मोठा डबा लावल्यापासून आमची रेंज त्यांच्याकडे ओढली जात आहे. तरी चौकशी व्हावी.'

आता तक्रार आली म्हणजे चौकशी करणं आलंच, नियम म्हणजे नियम. सर मीटर घेऊन शिर्डीला गेले, लॉजच्या प्रत्येक मजल्यावर उभं राहून मोजून आले. परतताना गाडीत त्यांनी मीटर पिशवीत घातलं. मग म्हणाले, "स्वाती, रिकाम्या कव्हरचा इंटरफेरन्स मोजणारा भारतातला पहिला इंजिनियर मीच असणार!"

*

शेखची एक अडचण आहे. तो टॉवरच्या टोकाला पोचला, पट्टा अडकवला, पाना हातात घेतला, की नेमका त्याच्या अम्मीचा फोन येतो.

एकदा ब्लूटूथ कानात राहिलेलं होतं, म्हणून त्याने उचलला. "अम्मी, वर चढलोय. टॉवरवर आहे."

"अरे वा," अम्मी म्हणाल्या, "मग आवाज कटणार नाही. बोल आरामात. काय जेवलास?"

*

मिरजगावच्या बाजूला एकदा कुठूनतरी फालतू सिग्नल घुसत होता. तो शोधायचा म्हणजे हातात माशाच्या काट्यासारखा दिसणारा अँटेना धरायचा, तो हळूहळू फिरवायचा, आणि मीटरचा आकडा जिकडे वाढेल तिकडे चालत सुटायचं. कोटकर सर हे काम फार मन लावून करतात. मान खाली, डोळे बारीक. दोन पावलं पुढे, थांबले. अंगाभोवती फिरले. परत एक पाऊल मागे.

मी लॅपटॉपमधून मान वर केली तर सरांच्या मागे अर्धी वस्ती चाललेली! सर थांबले की सगळे थांबत होते. सर वळले की सगळे वळत होते. सगळ्यांत पुढे फेटेवाले एक म्हातारबाबा, त्यांच्या हातात नारळ. त्या भागात बोअर घ्यायची तर आधी पाणाड्याला बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून रानातून फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे खुणेचा दगड ठेवतात. आमचे सर त्यांना नव्या मशीनचा पाणाड्या वाटले होते.

सर एका बांधापाशी थांबले. बाबांनी चटकन तिथे दगड ठेवला!

"अहो आजोबा, मी पाणाड्या नाही!" सर म्हणाले.

"जे खरे पानाडे असत्यात ना, ते असंच म्हंत्यात," बाबांनी मागच्या लोकांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सर समजावून सांगायला लागले. लहरी आल्या, टॉवर आला. मंडळी भक्तिभावाने ऐकत होती, आणि सर जितकं सांगत होते तितका लोकांचा विश्वास वाढत होता. मग बाप्पा गाडीतून उतरले. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, ह्यो मानूस पानी न्हाई शोधत. मोबाईलची रेंज शोधतोय."

बाबांनी सरांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत खरोखर कळवळा आला.

"आरारा," ते म्हणाले, "लई वंगाळ काम हाय मग. पानी तरी कुठंतरी लागतं!"

आणि नारळ सरांच्या हातात देऊन टाकला.

*

भिंगारच्या बाजारातला आमचा डबा अमिना खालांच्या गच्चीवर आहे. खाली त्यांच्या मोठ्या दिरांचं बांगड्यांचं दुकान. खालांचा स्वभाव चौकस. आम्ही गेलो की चहा घेऊन वर येणार आणि विचारणार, "आज काय केलंत?"

त्या दिवशी आम्ही एक खास सेटिंग केलं होतं. मोठा टॉवर अधूनमधून क्षणभर आपला आवाज बंद ठेवतो, आणि तेवढ्यात लहान डबा आपलं बोलून घेतो. हे इतकं भरभर चालतं की फोनवाल्याला पत्ताही लागत नाही. सरांनी खालांना अगदी सोपं करून सांगितलं.

खालांनी चहाची किटली खाली ठेवली. "म्हणजे मोठा आहे तो आपणहून गप्प बसतो?"

"हो."

"लहान बोलत असताना?"

"हो. आम्ही तसं सांगितलंय त्याला."

खाला जरा जवळ सरकल्या. "बेटा, हे सेटिंग माझ्या मोठ्या दिरांना बसेल का? निकाह होऊन ह्या घरात आले, तेव्हापासून एक वाक्य पुरं करायचं राहिलंय."

आम्ही हसलो. तेवढ्यात खालून दुकानातून आवाज आला, "अमिनाऽ! काय सांगतेस त्यांना? त्यांना म्हणावं, आधी माझं ऐका—"

"बघा!" खाला म्हणाल्या. "आत्तासुद्धा नाही राहवलं!"

*

आणि आता भिंगारचं शेवटचं.

दिवाळी तोंडावर आली. शिर्डी सुधारली होती. भिंगारच्या बाजारात मात्र काही केल्या जमेना. मोठ्या टॉवरचा अँटेना खाली झुकवून झाला, त्याची पॉवर कमी करून झाली, गप्प बसवून झालं. मोठा आणि लहान आता अगदी गुण्यागोविंदाने नांदत होते. तरीही दुकानदारांचे फोन तुटत होते. पैसे आल्याचं बोलून दाखवणारी ती छोटी मशीन असते ना, ती गिऱ्हाईक गेल्यावर बोलायची. मग गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांकडे बघत नुसते उभे! आम्ही बाजारातून चाललो की लोक "ते बघा, रेंजवाले" असं म्हणायचे. ते कौतुकाने म्हणत नव्हते.

शेख मूळचा भिंगारचाच. त्याच्या एक लक्षात आलं. गोंगाट सकाळी ऑफिसच्या वेळेला सुरू होतो, संध्याकाळी थांबतो, आणि रविवारी बाजार एकदम साफ!

"म्हणजे बाहेरचा कुणीतरी आहे," सर म्हणाले. "बूस्टर! शंभर टक्के बूस्टर!"

बूस्टर म्हणजे घरातली रेंज वाढवायचा चोरटा डबा. लोक ऑनलाइन मागवतात. त्यांच्या घरात फोन झकास चालतो, आणि आजूबाजूच्या टॉवरच्या कानात दिवसभर कर्कश गोंगाट. असा डबा परस्पर लावणं बेकायदा आहे. सरांचा ह्या विषयावर इतका राग, की कुणी नुसतं 'बूस्टर' म्हटलं तरी जेवता जेवता हात थांबतो.

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. पुण्याच्या साहेबांचा फोन त्याच दिवशी यायचा होता, शेवटचं काय ते सांगायला. मी रात्रभर नीट झोपले नव्हते. मुलीने सकाळी विचारलं होतं, "आई, पुण्याला तू एकटीच जाणार की आपण सगळे?" मी तिची वेणी घालत राहिले.

सर अँटेना घेऊन बाजारात उभे राहिले. आकडा मागच्या गल्लीकडे वाढला. सरांनी मान हलवली. "रिफ्लेक्शन आहे. भिंतीवर आपटून येतंय." आम्ही वळसा घालून दुसऱ्या बाजूने आलो. परत तीच गल्ली. "इथे पत्रे फार आहेत," सर म्हणाले, "पत्र्यांनी फसवणूक होते." तिसऱ्यांदा बाप्पांनी न विचारताच गाडी गल्लीत घातली.

"इकडे कशाला वळवलीस?"

"सर, तुमचं मशीनच हिकडं बोट दावतंय. मी काय करू?"

एका बिल्डिंगपाशी आकडा असा उडाला की मीटर ओरडायला लागलं. पहिला मजला. दुसरा मजला. सर जिने चढत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. दारावर पितळी पाटी होती. शेखने ती मोठ्याने वाचली, "सौ. व श्री. कोटकर."

"वाचू नको," सर म्हणाले. "मला वाचता येतं."

वहिनींनी दार उघडलं. "अगंबाई, आज एवढ्या लवकर? आणि सगळेच? या, या."

सर अँटेना पुढे धरून आत शिरले. अँटेना शोकेसकडे वळला. शोकेसमध्ये फुलदाणी, फुलदाणीमागे क्रोशाचा रुमाल, आणि रुमालाखाली हिरवे दिवे लुकलुकत होते.

"हे काय आहे?"

"बूस्टर," वहिनी म्हणाल्या. "ऑनलाइन मागवला. लेकीशी धड बोलता येत नव्हतं हो. बाळंतपण जवळ आलंय तिचं, आणि नुसतं हॅलो, हॅलो."

"अगं, हे बेकायदेशीर आहे! आणि माझ्याच घरात? मला आधी सांगायचं होतंस!"

"तुम्हाला सांगितलं नाही? घरात रेंज येत नाही, म्हणून रोज सांगत होते."

"मग मी काय म्हणालो?"

"'येते. मी स्वतः मोजलीये.'"

शेख भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. मी जीभ चावून धरली होती.

"आणि मला इतके दिवस कळलं कसं नाही?" सरांनी विचारलं.

"तुम्ही घरी असलात की बंद ठेवते," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुम्हाला आवडत नाही ना."

सर ताडकन पुढे झाले आणि त्यांनी प्लगला हात घातला. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पुण्याचे साहेब! सरांनी स्पीकर लावला.

"हां, कोटकर, कुठे आहात?"

"भिंगारमध्ये, साहेब. बाजाराच्या मागे."

"भिंगारमधून बोलताय? खरंच? अहो, भिंगारमधून तुमचा फोन आला की आजवर मला नुसतं खर्रखर्र ऐकू यायचं. आज तर तुम्ही माझ्या केबिनमध्ये बसून बोलताय असं वाटतंय! मागे पंखा चालू आहे, तोसुद्धा ऐकू येतोय!"

"साहेब, त्याचं असं आहे की—"

"वा! मानलं तुम्हाला! मग आता पुण्याला येऊन काय करणार? नगरचं ऑफिस आहे तिथे राहू दे. मी आजच वर कळवून टाकतो."

मी मटकन सोफ्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही. दारात उभ्या बाप्पांनी दोन्ही हात जोडून छताकडे पाहिलं. सर मात्र घामाघूम झाले होते. नियमाचा माणूस!

"साहेब, पण खरं सांगायचं तर इथे एक डबा—"

"कोटकर, टेक्निकल तुमचं तुम्ही बघा, मला सांगू नका. फक्त एक करा. जिथे जे काही बसवलं आहे, ते अजिबात काढायचं नाही. कशालाही हात लावायचा नाही. ही माझी ऑर्डर समजा!"

फोन बंद झाला. सरांचा हात अजून प्लगवरच होता. वहिनींनी तो अलगद उचलून बाजूला ठेवला, रुमाल नीट केला आणि आमच्याकडे वळून विचारलं, "चहा कोण कोण घेणार?"